कपाटातला पूर्वज

रविवारची मिसा आटोपून घरची मंडळी परतायच्या आत झेलीनं आपलं भिंतीतलं कपाट उघडलं, आत डोकं घातलं आणि मठाधिपतीच्या टोपीवर दोन लोकरी पायमोजे टांगले. मोजे खरं तर कालच खडखडीत वाळले होते. ते पुन्हा पाण्यात बुडवून, पिळून तिनं लावले; म्हणजे कुणी काढायला सांगितलं तर नाही म्हणायला कारण हाताशी असावं. बहात्तर वर्षांची बाई, पण लबाडी अशी की शाळकरी पोरांनी शिकवणी लावावी.

मोजे नीट पसरून तिनं मागं सरून पाहिलं. टोपी झाकली गेली होती. टोपीशेजारचा वाकड्या मुठीचा दंडही. खाली उरली होती नुसती ढाल, तिच्यावर एक झाड आणि झाडाखाली पाठीला पाठ लावून पोहणारे दोन मासे.

"बसा गप," झेली माशांना म्हणाली. "आजचा दिवस तेवढा निभवा."

तिच्या खोलीला धुराडं नव्हतं. त्या खोऱ्यात अशा मागच्या खोल्यांना कधीच नसतं. पलीकडे स्वयंपाकघरातली चूल, मधल्या भिंतीत भोक, आणि भोकात बसवलेली ही नक्षीची बिडाची लादी, चार माणसांनी उचलावी एवढी. तिकडे जाळ लागला की लादी तापायची आणि इकडे झेलीच्या कपाटात ऊब यायची. त्या उबेवर तिच्या नाशपाती सुकायच्या, पिठाचा गोळा फुगायचा आणि जानेवारीत तिची स्वतःची पाठ शेकून निघायची.

गावातल्या बाकी घरांत लादीची नक्षी चुलीकडे असते. इथं लांबिने मंडळींकडे उलटा कारभार. राजा-सरदारांची चिन्हं दिसता कामा नयेत असा हुकूम एकेकाळी आला होता, तेव्हा झेलीच्या पणजोबानं भाऊबंद गोळा करून लादी फिरवली होती. पुढे ते सरकार गेलं, दुसरं आलं, तेही गेलं, पण एवढं धूड पुन्हा फिरवतो कोण! त्यामुळे चूल फिर्मिनकडे, म्हणजे झेलीच्या भाच्याकडे, आणि कुलचिन्ह झेलीच्या मोज्यांमागे, अशी वाटणी आपोआप झाली होती.

आता फिर्मिनची लेक सोलांज उजवायची होती. नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार ठरला होता, आणि फिर्मिनच्या अंगात घराणं संचारलं होतं. उद्या सोमवारी नेस्तोर गवंडी येणार, लादी काढणार, दिवाणखान्याच्या दारावर बसवणार, म्हणजे लग्नाला येणाऱ्या चार माणसांना कळेल की लांबिने कोण. भोक विटांनी बुजवायचं. चुलीच्या जागी मलईच्या रंगाची नवी कोळशाची शेगडी ठेवायची. आणि झेलीनं थंडी पडायच्या आत नन्सच्या वृद्धाश्रमात जायचं.

"तिथं प्रत्येक खोलीत रेडिएटर आहेत, आत्या," फिर्मिन म्हणाला होता.

"वा! रेडिएटर!" झेली म्हणाली होती.

बाकी एक अक्षर नाही. सगळ्यांनी ते होकारात धरलं. मग खोलीत जाऊन, दार लावून ती पोटभर रडली होती, आणि आपण रडलो म्हणून स्वतःचाच इतका राग आला की एका बैठकीत दोन डझन नाशपाती सोलून टाकल्या होत्या.

एका शब्दात हे सगळं थांबवता आलं असतं. ही लादी लांबिनेंची नाहीच, मठाची आहे, एवढंच सांगायचं. पण ती थाप झेलीनंच मारलेली! फिर्मिन नऊ वर्षांचा असताना त्याचा बाप, म्हणजे झेलीचा थोरला भाऊ, जंगलात झाडाखाली सापडून गेला. पोरानं अन्न सोडलं. पाचव्या दिवशी झेलीनं त्याला या कपाटासमोर बसवलं आणि टोपीवर बोट ठेवून म्हणाली, "हे बघ शिरस्त्राण. या फिती नाहीत, पिसं आहेत. हा भाला. लढवय्यांच्या घरातला तू, आणि सूप पीत नाहीस?" पोरानं सूप प्यायलं. मग रोज पूर्वजाची एक नवी गोष्ट आणि रोज एक वाडगा सूप. काम झालं. पण पोर पंचावन्न वर्षांचं झालं तरी शिरस्त्राण काही उतरेना. गेल्या वर्षी तर त्यानं माशांचा शिक्का करून घेतला होता. खताच्या ऑर्डरीवरसुद्धा दोन मासे.

आणि आज व्याही जेवायला येणार होते. आपली पाठ शेकावी म्हणून पोराला व्याह्यांसमोर तोंडघशी पाडायचं? झेलीला ते जमण्यातलं नव्हतं. म्हणून मोजे.

व्याही तेओदुल वार्निए म्हणजे लाकडाच्या गिरणीचे मालक, आडवा बांधा, उभ्या मिशा. विहीणबाई ओर्तांस बारीक अंगाच्या आणि जिभेच्या तिखट. नवरामुलगा रेमी सज्जन. जेवताना सोलांजकडे बघत काट्यानं टेबलक्लॉथ टोचत होता.

"घ्या ना वार्निएसाहेब, अजून एक तुकडा," फिर्मिनची बायको मार्त म्हणाली. वाइनमध्ये दोन दिवस मुरवलेलं मांस पिठाच्या आवरणात भाजून केलेलं तिचं पाते पंचक्रोशीत प्रसिद्ध होतं.

"नको, नको," म्हणत तेओदुलनी बशी पुढे केली.

"यांचं हे 'नको' तीस वर्षं ऐकतेय मी," ओर्तांस म्हणाली. "खरं काय ते यांच्या शिंप्याला विचारा."

फिर्मिननं घसा साफ केला. "तर, घराण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो..."

"कुणी काढला?" झेली म्हणाली. "आधी जेव की नीट. पूर्वज दीडशे वर्षं थांबलेत, अजून दहा मिनिटांनी काही त्यांची गाडी चुकत नाही."

सोलांज फिसकन हसली. मार्तही हसली, पण झेलीनं तिच्याकडे पाहिलं नाही. शेगडी मार्तला हवी आहे हे तिला ठाऊक होतं, आणि गेले तीन आठवडे ती मार्तशी कामापुरतंच बोलत होती.

"घराण्याचं म्हणाल," तेओदुल मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "तर आम्हीही काही वाटेवर पडलेले नाही हो."

झालं! फिर्मिनचे कान टवकारले. मांसाचं ताट रिकामं होईपर्यंत दोघांनी एकमेकांना पणजोबा फेकून मारले. प्लमचा टार्ट यायच्या आतच फिर्मिन उठला. "बोलून काय उपयोग? चला, दाखवतोच."

सगळी वरात झेलीच्या खोलीत घुसली. खोली एवढीशी, रेमीला पलंगावर चढून उभं राहावं लागलं. फिर्मिननं बॅटरी पेटवून कपाट उघडलं.

"मोजे काढ ना आत्या."

"ओले आहेत. काढले तर सर्दी मला होईल, तुझ्या पूर्वजाला नाही."

"शिरस्त्राण दिसत नाहीये!"

"त्याचा मान ठेव. एवढ्या गारठ्यात डोकं झाकलेलं बरं."

ओर्तांस तोंडाला रुमाल लावून हसली. तेओदुलनी मात्र गुडघ्यांवर हात टेकून आत वाकून पाहिलं आणि तसेच वाकलेले राहिले. मानेवर लाली चढत गेली.

"हे आमचे मासे आहेत," ते म्हणाले.

"म्हणजे?" फिर्मिन म्हणाला.

"म्हणजे आमचे! हेच मासे, हेच झाड. आमच्या चुलीत आहेत. आमची लादी तडकलेली आहे, वरचा अर्धा भाग आजोबांच्या वेळीच गेला. पण खाली हेच!"

"माझ्या आत्याच्या कपाटात तुमचे मासे कशाला येतील?"

"तेच विचारतोय मी!"

क्षणभर असं वाटलं की आता चोरीचे आळ निघतात. पण तेवढ्यात तेओदुलच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पाठोपाठ फिर्मिनच्याही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"एकच चिन्ह!" फिर्मिन म्हणाला.

"एकच घराणं!" तेओदुल म्हणाले. "तरीच! तुम्हाला पहिल्यांदा बैलबाजारात पाहिलं तेव्हाच मला काहीतरी वाटलं होतं."

"तुम्ही माझ्या बैलाला म्हातारा म्हणाला होतात."

"घरचा माणूस होतो म्हणून बोललो!"

दोघांनी मिठी मारली. फिर्मिननं प्लमची ब्रँडी आणायला सोलांजला पिटाळलं, पण सोलांज जागची हलली नाही.

"थांबा," ती म्हणाली. "एकच घराणं म्हणजे... मी आणि रेमी चुलत भावंडं?"

पलंगावरून रेमी हळूच म्हणाला, "लांबची असू ना."

"किती लांबची ते मोजावं लागेल," तेओदुल एकदम गंभीर झाले. "नात्यात लग्न म्हणजे बिशपसाहेबांची परवानगी आली. आपले फादर याबाबतीत कडक आहेत. मागच्या वर्षी त्या मोलिनच्या मुलीला पाच महिने लटकवलं."

"पाच महिने!" मार्त म्हणाली. "आज ऑक्टोबरचा शेवट. पुढे नाताळाआधीचा आगमनकाळ, त्यात लग्नं नाहीत. मग उपासकाळ आला, त्यातही नाहीत. म्हणजे थेट ईस्टरनंतर?"

"फादरना सांगू नये म्हणते मी," ओर्तांस म्हणाली.

"असं कसं?" फिर्मिन ताठ झाला. "तीन रविवार चर्चमध्ये पुकार होणार. कुणाला काही अडचण ठाऊक असेल तर बोला, असं विचारणार. मी पहिल्या बाकावर बसलेलो असणार, आणि मला ठाऊक असणार. लांबिने देवाच्या घरात खोटं बोलत नाहीत."

"वार्निएही नाहीत," तेओदुल म्हणाले, आणि दोन्ही व्याह्यांनी अभिमानानं माना हलवल्या.

बघा आता! लग्न सहा महिने पुढे ढकलायला दोघे एका पायावर तयार, पण तो पूर्वज हातचा सोडायला एकही तयार नाही. आपल्याला वाटतं ते नातं कदाचित नसेलही, हे म्हणायची दोघांनाही लाज. सोलांजनं दोन वर्षं वाट पाहिली होती. रेमीच्या आईचं आजारपण, मग सैन्यातली नोकरी, मग गिरणीला लागलेली आग. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

झेलीनं ते पाहिलं. मग तिनं फिर्मिनकडे पाहिलं. बॅटरी छातीशी धरून तो पोरगा असा उभा होता की जणू राज्याभिषेकच चाललाय. अरे देवा, झेलीच्या मनात आलं, एकाला सूप पाजायला गेले आणि दुसरीला उपाशी ठेवते आहे.

"सोलांज," ती म्हणाली, "काढ ते मोजे."

"ओले आहेत ना, झेलीआजी?"

"काढ म्हणते ना! मला झाली सर्दी तर होऊ दे."

सोलांजनं मोजे काढले. फिर्मिनच्या हातातल्या बॅटरीचा झोत वर सरकला आणि थांबला. पहिली बोलली ओर्तांस.

"अगं बाई! ही तर मठाधिपतीची टोपी! आणि तो दंड! आमच्या चर्चच्या खिडकीत अगदी अस्साच आहे."

"मठाधिपतीचीच," झेली म्हणाली. "मठाची स्वतःची ओतशाळा होती. जो मठाधिपती येई त्याचं चिन्ह लादीवर पडे. पुढे मठ मोडला, सामान विकलं, आणि सगळं खोरं गाड्या जुंपून धावलं. कुणी दारं आणली, कुणी घंटा. आपल्या लोकांनी लाद्या आणल्या. या नदीकाठी असे दोन मासे निदान पन्नास चुलींत असतील. ते सगळे नातेवाईक धरले तर आजवर इथं एकाचंही लग्न लागलं नसतं."

फिर्मिनच्या बॅटरीचा झोत टोपीवरून माशांवर उतरला.

"पण," तेओदुल शेवटचा प्रयत्न करत म्हणाले, "मठाधिपती झाला तरी माणूसच. त्यालाही एखादं मूल..."

"असतं तर ते त्यानं बिडात ओतून चुलीला लावलं नसतं, वार्निएसाहेब."

ओर्तांस आधी हसली, मग मार्त, मग रेमी पलंगावरून घसरलाच. सोलांज झेलीच्या गळ्यात पडली. तेओदुल बराच वेळ मासे न्याहाळत राहिले. मग त्यांच्या मिशा हलल्या आणि पोट गदगदायला लागलं. "पन्नास चुलींत! आणि मी जिल्ह्याच्या साहेबांना जेवायला बोलावून दाखवली हो!"

फिर्मिन हसला नाही. मार्तनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, "कॉफी गार होतेय" असं म्हणाली आणि सगळ्यांना बाहेर घेऊन गेली. कॉफी अजून केलीही नव्हती.

फिर्मिननं बॅटरी बंद केली.

"तुला ठाऊक होतं."

"हो."

"केव्हापासून?"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून."

"शिरस्त्राण म्हणालीस. पिसं म्हणालीस. मी शिक्का करून घेतला, आत्या! तेव्हा तरी बोलायचंस."

"बोलणार होते. पण तू इतका खूश होतास, आणि शिक्क्याचे पैसे तर देऊन झाले होते."

तो पलंगाच्या कडेवर बसला. त्याचे खांदे पडले होते. झेलीला हेच तर नको होतं.

"म्हणजे सगळंच खोटं," तो म्हणाला. "तो पुरात वासरू खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा. तोही."

"तो खरा."

"पुरे आता, आत्या."

"खरा रे. तो तुझा बाप. मार्चमध्ये सेमोआ नदीला पूर आला होता, वासरू पलीकडे अडकलं होतं. सगळा गाव काठावर उभा राहून ओरडत होता, मीही. गोष्टीत मी फक्त त्याला घोडा दिला, बाकी काही घातलं नाही."

फिर्मिननं मान वर केली. "आणि बर्फात तीन दिवस जंगलात राहून परत आलेला?"

"तोही तोच. परत आल्यावर त्यानं पहिली शिवी मला दिली, सूप गार होतं म्हणून. शिवी मी गाळली."

"मग ते सगळे..."

"सगळे तुझा बापच. त्याचं नाव काढलं की तू कानांवर हात ठेवायचास. काय करणार होते मी? त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण घातलं, तर ऐकायला लागलास."

फिर्मिन पंचावन्न वर्षांचा, गावच्या समितीचा सभासद. दोन्ही तळव्यांत तोंड लपवून बसला. झेली त्याच्या शेजारी बसली. थोड्या वेळानं तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"आज तोंड उघडलंच आहे तर आणखी एक सांगून टाकते," ती म्हणाली. "मला नन्सकडे जायचं नाही. तुझे रेडिएटर मला नकोत. मला याच खोलीत मरायचंय, आणि तेही एवढ्यात नाही."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तू विचारलंस कुठे? तू सांगितलंस."

दारात मार्त उभी होती, हातात टार्टची बशी. किती वेळ उभी होती कोण जाणे. "मी पहिल्या दिवसापासून रोज निजताना सांगतेय, शेगडी पावाच्या भट्टीच्या खोलीत ठेवा. तिथं धुराडं आहे, जागा आहे. पण याला लादी दिवाणखान्यात मिरवायची होती, मग माझं ऐकतो कोण?"

झेली तिच्याकडे बघतच राहिली. "तू असं म्हणाली होतीस? अगं, तीन आठवडे तुझ्याशी धड बोलले नाही मी."

"कळलं होतं मला, आत्याबाई," मार्त म्हणाली. "फार निवांत गेले तीन आठवडे."

दोघी हसायला लागल्या, आणि हसता हसता झेलीनं पदर नसलेल्या बाईनं जे करावं ते केलं, एप्रननं नाक पुसलं. फिर्मिन उठला. बाहेर जाताना त्यानं कपाटाचं दार लोटलं, पण पूर्ण लावलं नाही.

पलीकडे स्वयंपाकघरात खुर्च्या सरकल्या. भिंतीतल्या लादीतून तिकडचं सगळं ऐकू येतं, हे झेली पन्नास वर्षं कुणाला बोलली नव्हती.

"मग व्याहीबुवा," तेओदुलचा आवाज आला, "उद्या काढताय का आपल्या मठाधिपतींना?"

"नाही. नेस्तोरला निरोप धाडतो. लादी आत्याची आहे, तिच्याकडेच राहील."

"आणि दिवाणखान्याच्या दारावर काय लावणार? जागा तर करून ठेवलीत."

कपात चमचा फिरल्याचा आवाज आला.

"माझ्या वडिलांचा फोटो आहे एक," तो म्हणाला. "लाकूडतोडे होते. या सेमोआच्या पुरातून पलीकडून वासरू आणलं होतं त्यांनी, खांद्यावर घालून."

"काय सांगता!" तेओदुल म्हणाले. "घोड्यावरून?"

"पायी," फिर्मिन म्हणाला.